विकलेल्या गाडीची हळहळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोघांसाठी आहे. एक, ज्याने गाडी विकली आणि आता तसलीच दुसरी दिसली की मान वळवून बघत राहतो. दुसरा, ज्याला गिऱ्हाइकाचे फोन येताहेत, पण किल्ली हातातून सुटत नाही. पहिल्यासाठी गाडी शोधणं, तपासणं आणि पुन्हा चालती करणं. दुसऱ्यासाठी ती नीट उभी करून ठेवणं. दोघांनाही आधीच सांगतो: इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं खोलून पुन्हा बांधता येतं. गाडी जगणार की नाही हे ठरवतो पत्रा.

लोक सर्वांत जास्त कुठल्या गाड्यांसाठी हळहळतात?

महागड्या गाड्यांसाठी क्वचितच. पुन्हा पुन्हा नावं निघतात ती हलक्या, साध्या, हाताने गिअर टाकायच्या गाड्यांची: पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 (1989 ते 1997), प्युजो 205 जीटीआय, टोयोटाची एई86 (1983 ते 1987), बीएमडब्ल्यू ई30, डॅटसन 240झेड, होंडा एस2000 (1999 ते 2009). सगळ्यांत समान गोष्ट म्हणजे वजन किंवा इंजिन. एमएक्स-5 टनभरसुद्धा भरायची नाही, 205 जीटीआय तर नऊशे किलोच्या आसपास. एअरबॅग, धडक सोसणारी बॉडी, आवाज दाबणारं पॅडिंग आणि मोठी चाकं यांमुळे तेवढ्याच आकाराची नवी गाडी आज पुष्कळ जड असते. ‘नवी घेऊ तशीच’ हा पर्याय म्हणूनच चालत नाही. एस2000चं दोन लिटरचं इंजिन टर्बोशिवाय 9,000 आरपीएमपर्यंत पळायचं. ते एकदा ऐकलेल्या माणसाला दुसरं काही दाखवून उपयोग नसतो.

दुसरा गट निमूट राबणाऱ्या गाड्यांचा: मर्सिडीज डब्ल्यू123, व्होल्वो 240 (1974 ते 1993), फोक्सवॅगन बीटल. बीटल तर 2003च्या जुलैपर्यंत मेक्सिकोत बनत होती आणि एकूण आकडा 2 कोटी 15 लाखांच्या वर गेला, तरी बऱ्या पत्र्याची सापडायला वेळ लागतो. या गटाची आठवण उशिरा येते, बहुधा नव्या गाडीचा एखादा सेन्सर जाऊन ती टोइंगच्या गाडीवर चढते त्या दिवशी.

गाडी नेमकी चुकीच्या वेळीच कशी विकली जाते?

नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झरझर उतरते, मग उतार मंदावतो आणि लोकांच्या आवडीच्या मॉडेलच्या बाबतीत पंधरा-वीस वर्षांच्या सुमारास तळाला टेकते. नेमक्या त्याच वयात टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, शॉकअब्सॉर्बर, रेडिएटर आणि टायर एकाच वर्षात दारात उभे राहतात. बिल गाडीच्या किमतीपेक्षा मोठं दिसतं आणि गाडी जाते. हिशेब बरोबर असतो, पण तुलना चुकीची. बिल ताडून पाहायचं ते तिच्या जागी येणाऱ्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात जेवढी उतरेल तिच्याशी. त्या आकड्यापुढे क्लच आणि बेल्ट मिळूनही लहान दिसतात.

कधी कारण गाडीच्या बाहेरचंही असतं. अमेरिकेत परदेशी गाडी 25 वर्षांची झाली की तिथल्या सुरक्षा-निकषांतून तिला सूट मिळते. 1989ची निस्सान स्कायलाइन आर32 जीटी-आर 2014मध्ये त्या रेषेपलीकडे गेली, 1999ची आर34 2024मध्ये. मागणी समुद्रापलीकडून आली आणि आदल्या वर्षी विकणारे हात चोळत बसले. तुमच्या मॉडेलबाबत असली एखादी तारीख जवळ आली आहे का, हे विकण्याआधी पाहून ठेवा.

तीच गाडी परत मिळवावी, की त्याच मॉडेलची दुसरी घ्यावी?

ती गाडी वडिलांची होती, किंवा तिच्यावर तुमच्या हातचं काम होतं, तर तीच शोधा. नुसतं तसलं चालवायचं असेल तर दुसरी, चांगल्या पत्र्याची घ्या. स्वतःची जुनी गाडी समोर आली की माणूस गंज बघत नाही, डॅशबोर्डवरचा जुना ओरखडा बघतो. म्हणून तीच गाडी परत घेणाराने तपासणीला त्रयस्थ माणूस न्यायचाच.

माझी विकलेली गाडी आता कुठे आहे, हे कसं शोधायचं?

सुरुवात चेसिस नंबरपासून करा, नंबर प्लेटपासून नको. काही देशांत प्लेट गाडीबरोबर राहते, काही ठिकाणी मालकाबरोबर जाते. चेसिस नंबर मात्र पत्र्यावर ठोकलेला असतो. 1981च्या सुमारापासून हा नंबर 17 अक्षर-अंकांचा झाला. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. जुन्या कागदावर ‘ओ’ वाचला असेल तर तो शून्यच आहे. अशा एका अक्षरापायी शोध फसतो. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर आखूड असतात आणि प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी.

नंबर कुठे सापडेल? जुन्या विमा पॉलिसीवर, सर्व्हिसच्या बिलांवर, कर्जाच्या कागदांवर, वॉरंटीच्या पुस्तिकेत. काहीच नसेल तर जुने फोटो धुंडाळा: बोनेट उघडं असलेल्या एखाद्या फोटोत चेसिस नंबरची पट्टी वाचता येते. नोंदणी कार्यालयं बहुतेक ठिकाणी सध्याच्या मालकाचं नाव देत नाहीत, पण गाडी अजून नोंदणीत आहे की भंगारात निघाली एवढं अनेक देशांत कळतं. आधी तेवढंच विचारा. भंगारात निघालेल्या गाडीमागे लोक दोन-दोन वर्षं घालवतात.

नंतर त्या मॉडेलच्या क्लबाकडे वळा. बऱ्याच क्लबांकडे चेसिस नंबरनुसार नोंदवही असते. ते मालकाचा पत्ता देणार नाहीत, पण तुमचं पत्र पोहोचवतील.

मालक सापडला. काय लिहावं?

पहिल्या पत्रात ‘विकता का’ असं विचारू नका. जुने फोटो, गाडीचा आधीचा इतिहास, कुठल्या वर्षी काय काम झालं ते पाठवा. कुठल्याही मालकाला ते हवंच असतं. इतिहास घेऊन आलात तर बोलणं सुरू होतं. विकायची नसेल तर एवढंच मागा: जेव्हा केव्हा विकाल तेव्हा आधी मला विचारा. ते लेखी असू द्या आणि वर्षातून एकदा ख्यालीखुशाली विचारत जा, नाहीतर तो कागद हरवतो.

गाडी बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय तपासायचं?

पत्रा. इंजिन सुरू करण्याच्या आधी, टेस्ट ड्राइव्हच्या आधी, चहाच्याही आधी. गाडी कोरडी असावी आणि उजेड दिवसाचा; ओल्या गाडीचा रंग सगळं झाकतो.

गंज आतून बाहेर येतो. रंगावर वाटाण्याएवढा फोड दिसला तर आत रुपयाएवढं भोक नक्की, तळव्याएवढंही असू शकतं. दाराखालच्या पोकळ पट्टीवर, म्हणजे सिलवर, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला किंवा पुट्टी भरलेला थप्प. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम: कारखान्यातला रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, 200च्या पुढे गेला म्हणजे पुन्हा रंगवलेली जागा, 500च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी. नुसतं पुन्हा रंगवलेलं असणं हा गुन्हा नाही. एका दारावर 120 आणि शेजारच्या सिलवर 900 असेल तर मात्र प्रश्न विचारा.

मग गालिचा उचला. खालचं पॅडिंग हाताने दाबा. ओलं असेल तर पाणी कुठून येतं हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिकीत स्टेपनी काढून तिचा खड्डा बघा. सस्पेन्शनचे वरचे माथे, पुढच्या काचेची खालची कड, सनरूफची चौकट, बॅटरीची ट्रे हेही सुटू देऊ नका. शेवटी जॅक लावायच्या जागेवर जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून बंद करा. उचलल्यावर दार घासायला लागलं, किंवा दाराची फट बदलली, तर बॉडीने ताकद सोडली आहे. हे दोन मिनिटांचं काम आहे. जॅक लावू देत नाही असा विक्रेता असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

मॉडेलनुसार ठरलेल्या जागा असतात. एमएक्स-5मध्ये कापडी टपाचं पाणी सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी मागच्या सिलमध्ये साचतं आणि तो मागच्या चाकाच्या पुढून कुजतो. लिटरभर पाणी हळूहळू ओतून खाली पडतं का ते पाहा. बीटलमध्ये मागच्या सीटखाली बॅटरी असते. तिथला फ्लोअर ॲसिडने खाल्लेला असतो, आणि दोन्ही बाजूंच्या हीटरच्या पोकळ्या गेल्या की गाडीचा कणाच जातो. मिनीत मागची सबफ्रेम, 240झेडमध्ये फ्लोअरखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकापुढचा कोपरा. 205 जीटीआयला मागून उभं राहून बघा: मागची चाकं वरून आत झुकलेली असतील तर मागच्या ॲक्सलच्या सुईसारख्या बेअरिंग गेल्या. तसंच चालवत राहिलं की शाफ्ट खाल्ला जातो आणि अख्खा ॲक्सल उतरवावा लागतो.

आणि इंजिन?

मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवून पाहा, गरम लागलं तर का ते विचारा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर निघून मिनिटभरात थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलीत, ते काम आटोक्यातलं. उतारावरून इंजिनच्या ब्रेकवर येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा भपका आला तर संशय पुन्हा सीलवरच. जोरात चढावर सतत निळा धूर असेल तर रिंगांवर.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल पंप तोडलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे पाच-सहा ठोके. सुस्थितीतलं पेट्रोल इंजिन साधारण 10 ते 13 बार दाखवतं. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो 10-15 टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढला तर रिंग, न वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्या मधल्या जागी हेड गॅस्केट गेलं.

टायमिंग बेल्टबाबत ‘किलोमीटर कमी झालेत’ हे ऐकून घेऊ नका, रबर वयानेही मरतं. ई30चं सहा सिलिंडरचं एम20 इंजिन आणि पोर्शे 944 यांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. सुरुवातीच्या एमएक्स-5च्या 1.6 लिटर इंजिनात तसं होत नाही, पण तिथे वेगळं दुखणं आहे: 1991च्या मध्यापर्यंतच्या इंजिनात क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड असे आणि पुलीचा बोल्ट नीट आवळला नसेल तर पुली जागेवर धरणाऱ्या छोट्या लोखंडी चावीची खाच झिजते, टायमिंग सरकतं. पुलीला चार खाचा म्हणजे आखूड नाक, आठ म्हणजे लांब. डब्ल्यू124 मर्सिडीजच्या साधारण 1992 ते 1995च्या गाड्यांत इंजिनच्या वायरिंगचं आवरण भुगा होऊन गळतं. कनेक्टरजवळ वायर हलकेच वाकवून पाहा.

इंजिन नंबर जुळलाच पाहिजे का?

संग्रहाची किंमत मोजणार असाल तर हो. चालवायला हवी असेल तर त्याच प्रकारचं निरोगी इंजिन मूळ पण तडकलेल्या इंजिनापेक्षा कधीही बरं. चेसिस नंबर मात्र सगळ्या जागी एकच हवा, आणि त्याच्याभोवती वेल्डिंगच्या खुणा किंवा घासलेला पत्रा दिसला तर किमतीवर बोलूच नका, निघा. काचांच्या कोपऱ्यातले तारखेचे कोड एकमेकांशी जुळतात का तेही बघा. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा.

गाडी दहा वर्षं उभी होती. सुरू कशी करायची?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॅटरी लावून सेल्फ मारणं. सिलिंडरच्या भिंतींवर तेल उरलेलं नसतं, एखाद्या रिंगेला गंज धरलेला असतो, आणि टाकीतलं पेट्रोल पेट्रोल राहिलेलं नसतं.

आधी टाकी रिकामी करा. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबट वास येतो. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतली ओल पितं, आणि ओल फार झाली की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. तेच पाणी टाकीच्या बुडाला आणि कार्ब्युरेटरच्या तळाला गंज लावतं. फिल्टर बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्याच बदला, एसएई जे30आर9 छापलेल्या घ्या, त्यांना इथेनॉल चालतं. जुन्या नळीला बाहेरून काही दिसत नाही. वाकवली की बारीक चिरा उघडतात, आणि त्या नेमक्या गरम सायलेन्सरच्या पाइपाच्या वर असतात.

मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये 5 ते 10 मिली पातळ इंजिन ऑइल टाका आणि निदान एक दिवस थांबा. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, चालण्याच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका. पुन्हा तेल टाका आणि आठवडा जाऊ द्या. तेल संयमाने झिरपतं, तीन फुटी पाइप लावून नाही. टायमिंग बेल्टचं वय ठाऊक नसेल तर तो पहिल्या स्टार्टच्या आधी बदलायचा, नंतर नाही.

ऑइल आणि फिल्टर नवे. प्लग बाहेरच ठेवून, कॉइल आणि पंप तोडून, दहा-दहा सेकंद सेल्फ द्या, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. मग प्लग बसवा, पाच लिटर ताजं पेट्रोल, अग्निशामक सिलिंडर हाताशी, आणि दुसऱ्या माणसाचं लक्ष नळ्यांवर. सुरू झालं की 1,500 आरपीएमवर धरा. पहिल्या काही मिनिटांत निळा धूर येईल. तो टाकलेल्या ऑइलचा आहे, घाबरू नका.

चालू झालेली गाडी थांबलीही पाहिजे. ब्रेक ऑइल पाणी शोषतं: डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना निदान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर हा किमान आकडा 155वर येतो. सगळं काढून नवं भरा. ब्रेकच्या रबरी नळ्या आतून फुगतात आणि एकमार्गी झडपेसारख्या वागतात. पाय उचलला तरी चाक धरून राहतं आणि दोष कॅलिपरला दिला जातो. सिट्रोएन डीएस असेल तर आणखी जपा: साधारण 1966च्या शेवटापासूनच्या गाड्यांत हिरवं खनिज तेल चालतं, त्याआधीच्यांत लाल. दुसरं ओतलं की सगळी सील बाद.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. इंजिन बंद ठेवून गाडी टॉप गिअरमध्ये टाका, क्लच दाबून धरा आणि दोघांनी ढकलून मागेपुढे हलवा. बहुतेकदा ‘टक्’ असा आवाज होऊन सुटते.

टायरच्या बाजूवर इंग्रजीत ‘डॉट’ (DOT) छापलेलं असतं, त्याच्या पुढचे शेवटचे चार अंक वाचा: 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. तीनच अंक असतील तर तो 2000च्या आधीचा. नक्षी कोरी दिसली तरी फेकून द्या. पहिल्या 500 किलोमीटरनंतर इंजिन ऑइल पुन्हा बदला, आतला सगळा गाळ त्यात उतरलेला असतो.

पार्ट मिळतात का?

झिजणारे पार्ट बहुधा मिळतात: ब्रेक, बेअरिंग, गॅस्केट, क्लच. घाम काढतात ते न झिजणारे: हेडलाइट, मागची लाल काच, डॅशबोर्डचं कव्हर, दाराचं रबर, आतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. गाडी बघताना या पाच गोष्टी मोजा. नव्वदच्या दशकातल्या काही जपानी गाड्यांत इंजिनच्या कॉम्प्युटरमधले कपॅसिटर गळतात आणि बोर्ड खातात. डबा उघडून माशासारखा वास येतो का बघा. वेळेत पकडलं तर दोन-चार कपॅसिटर बदलून भागतं.

कंपन्याही आता जागी झाल्या आहेत. निस्सानने 2017पासून आर32साठी, टोयोटाने 2020पासून सुप्रासाठी जुने पार्ट पुन्हा काढायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स गाडीची आख्खी नवी बॉडी 1988पासून जुन्याच साच्यांवर बनते. साबची मोटार कंपनी डिसेंबर 2011मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी तिचा पार्टचा धंदा नाव बदलून पुढे चालला. कंपनी बंद म्हणजे पार्ट बंद असं गृहीत धरू नका, आणि कंपनी चालू म्हणजे पार्ट चालू असंही.

परत घेतल्यावर निराशा होते का?

काहींची होते. त्या काळचे हेडलाइट मंद, एबीएस नाही, स्टिअरिंग जागेवर फिरवायला दंड लागतात. 205 जीटीआयसारखी गाडी वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागून फिरते; विशीत ते मजेचं वाटतं. घेण्याआधी त्याच मॉडेलची कुणाची तरी गाडी दहा मिनिटं नाही, दिवसभर चालवा: पावसात, रात्री, हायवेवर. संध्याकाळी उतरताना पाठ दुखत असूनही आणखी एक फेरी मारावीशी वाटली तर घ्या. आणि रोज मुलांना शाळेत सोडायला घेत असाल तर घेऊ नका. धडकेत जुनी गाडी जुन्या गाडीसारखीच वागते.

विकण्याऐवजी दोन-तीन वर्षं उभी ठेवली तर?

नीट ठेवली तर चालतं. बंद, कोरडी, हवा खेळती असलेली जागा हवी. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर सतत राहिली की गंज वेग घेतो. 50च्या आसपास ठेवता आली तर उत्तम. अंगणात प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ठेवणं सगळ्यात वाईट: खालून वाफ येते, वर अडते, आणि गाडी आतल्या आत भिजते. त्यापेक्षा नुसती शेड बरी.

उभी करण्याच्या दिवशी गाडी तासभर चालवून आणा, परत आल्यावर गरम इंजिनातून जुनं ऑइल काढून नवं भरा. जुन्यात आम्लं असतात आणि ती बेअरिंग खातात. कूलंट अर्धं-अर्धं मिसळलेलं हवं, नुसतं पाणी नको. लोखंडी टाकी काठोकाठ भरा आणि पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. गाडी बंद असतानाही घड्याळ आणि अलार्म 50 मिलीॲम्पिअरपर्यंत खातात, म्हणजे दिवसाला 1.2 ॲम्पिअर-अवर, 45 ॲम्पिअर-अवरची बॅटरी जेमतेम तीन आठवड्यांत अर्धी होते. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2ला ती निम्मी असते, त्याखाली महिनोन्‌महिने राहिली तर पुन्हा भरत नाही.

हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात. चाकांना ठोकळे लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा दहा पीएसआय जास्त हवा भरा, पण बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या आत, आणि महिन्यातून एकदा गाडी चाकाचा पाव फेरा सरकवा. हवा आत घेणारं नळकांडं आणि सायलेन्सरचं तोंड स्टीलवुलने बंद करा, उंदरांना तीच घरं आवडतात. मात्र स्टिअरिंगला ‘बोळे काढा’ अशी चिठ्ठी बांधा. बोळे तसेच ठेवून सेल्फ मारणारे कमी नाहीत.

दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू केली तर चांगलं ना?

नाही, यापेक्षा हात न लावणं बरं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गाडी चालत असते तेव्हा ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर गरम होत नाही, पाणी त्याच्या पोटात साचतं आणि तो आतून कुजतो. थंड इंजिनातलं जादा पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि सेल्फने खर्च केलेली बॅटरी पाच मिनिटांत भरून निघत नाही. सुरू करायचीच तर बाहेर काढून अर्धा तास रस्त्यावर चालवा. ते जमत नसेल तर बोनेट उघडू नका.

जुनी गाडी ‘ऐतिहासिक’ कधी म्हणतात?

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे 1966मध्ये स्थापन झालेल्या फिवाच्या व्याख्येनुसार वाहन निदान 30 वर्षांचं, मूळ रूपात जपलेलं आणि रोजच्या वापरात नसलेलं हवं. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. बदल करणाऱ्यांनी एवढंच करावं: काढलेलं मूळ स्टिअरिंग, चाकं आणि कार्ब्युरेटर खोक्यात नाव घालून ठेवावेत. दहा वर्षांनी ते खोकं शोधताना घर पालथं घालणारे पुष्कळ.

शेवटी विकायचीच ठरली. काय हाताशी ठेवावं?

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, कागदावर आणि फोटोत. रंगाचा कोड, तो बॉडीवरच्या छोट्या पट्टीवर असतो. प्रत्येक बिलाची प्रत. मूळ बिलं गाडीबरोबर जाऊ द्या, तिचा इतिहास तिच्यापाशी राहिला तर ती भंगारात जाण्याची शक्यता कमी. चारही बाजूंचे, इंजिनचे, डॅशबोर्डचे, गाडीखालचे फोटो. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन आणि विकल्याची तारीख. आधी मला विचारा असं एक वाक्य खरेदीखतात घालायला बहुतेक गिऱ्हाइकं नाही म्हणत नाहीत. मालकी बदलल्याची नोंद झाली का, ते महिन्याने स्वतः तपासा. दुसऱ्याने केलेला अपघात तुमच्या नावावर यायला नको. दुसरी किल्ली मात्र आठवण म्हणून खिशात ठेवू नका. ती गाडीबरोबरच द्या.